उसनी शीळ

माझा धाकटा, तेगिल, सोलहून बेटावर येऊन आठवडा होत आला आणि अजून त्याने शेजारच्या फाटकाकडे पाय वळवलेला नाही. शेजार म्हणजे काय, कमरेएवढी काळ्या दगडांची भिंत. इकडून मी शिंकले तर तिकडून ग्येसून शिव्या घालते, एवढंच अंतर. लहानपणी ह्याच भिंतीवर पोट टेकून लोंबकळत हा तिच्याकडे उकडलेली रताळी मागायचा. आता केस पांढरे व्हायला लागले तरी दुकानात जायचं झालं की संत्र्यांच्या बागेतून, मागच्या कोरड्या ओढ्यातून वळसा घालून जातो. का, तर तिच्या दारावरून जावं लागू नये. जेवायला बसला की वाडग्यात मान घालतो. दार असं लावतो की कडीसुद्धा वाजू नये. आवाजाचा धंदा करणारा माणूस माझ्या घरात मांजरासारखा वावरतोय, आणि विचारलं तर म्हणतो, आई, काम आहे. कसलं काम? कानांवर ती काळी झापडं चढवून समुद्राकडे तोंड करून बसायचं, हे काम?

त्याला एकट्याला बोल लावून मी मोकळी होईन असं नाही. त्या सिनेमाच्या दिवसापासून माझ्याही घशाखाली घास नीट उतरत नाही. पण निदान मी त्या फाटकापर्यंत जाऊन आले. फाटक बंद होतं ही गोष्ट वेगळी.

ग्येसून आणि मी एकाच उन्हाळ्यात पाण्यात उतरलो, तेव्हा आम्ही फ्रॉकातल्या पोरी होतो. नवरे आले, गेले, मुलं झाली, सुना आल्या, पण पाण्यात माझ्या उजवीकडचा भोपळा कायम तिचाच. भोपळा म्हणायचं आपलं, आता धरून तरंगायला थर्माकोलचा गोळा असतो. आमच्या धंद्यात पाठीला हवेची टाकी नसते. छातीत मावेल तेवढा दम घ्यायचा, भोपळा वर सोडून खाली जायचं, खडकाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या आणि दम संपायच्या आत वर यायचं. वर आलं की कोंडलेला दम ओठांतून सुटतो आणि त्याची शीळ होते. ही शीळ कुणी शिकवत नाही. जशी छाती तशी शीळ. माझी बारीक आणि सरळ वर जाणारी, पतंगाच्या ताणलेल्या दोरीसारखी. ग्येसूनची आधी खाली, मग एकदम वर, चुलीवरून उतरवलेली किटली पुन्हा चढवावी तशी. धुक्यात तोंडं दिसत नाहीत तेव्हा आम्ही एकमेकींना शिळेवरूनच ओळखतो.

आणि आमच्यात एक कायदा आहे. शेजारणीची शीळ आली नाही, किंवा आली पण बिघडलेली आली, तर हातातली शिंपली सोडून तिच्याकडे जायचं. ऐकूनही जी आणखी एक बुडी मारते, तिच्याशेजारी पुन्हा कुणी भोपळा लावत नाही. माझ्या तरुणपणी खालच्या आळीतल्या एकीने तसं केलं होतं. त्या दिवशी तिला बशीएवढी शिंपली मिळाली आणि शेजारीण मिळाली नाही. पुढे मरेपर्यंत ती बाई लोकांच्या शेतात गाजरं उपटत राहिली. पाण्यात उतरू नको असं तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या बाजूला कुणी उतरलं नाही, एवढंच.

आता ह्या माझ्या दिवट्याबद्दल. तो सिनेमात आहे म्हटल्यावर गाव विचारायचं, कुठल्या सिनेमात दिसतो? कुठल्याच नाही. मी तरी काय सांगणार, मला स्वतःलाच कळत नव्हतं. एकदा सोलला गेले तेव्हा त्याने त्याची खोली दाखवली. खिडकी नाही, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. दार लावलं की आपल्याच पोटातली गुडगुड ऐकू यावी अशी शांतता, ती सुद्धा माझ्या अर्ध्या गेलेल्या कानांना. समोरच्या पडद्यावर एक बाई बर्फातून चालत होती. तिच्या पावलांचा आवाज म्हणजे पिशवीत भरलेलं बटाट्याचं पीठ होतं, ते ह्याने स्वतः दाबून दाबून काढलं होतं. बाई दार उघडत होती ते दार दुसरीकडचं, आणि तिच्या घशातला हुंदका आदल्या दिवशीच्या चित्रीकरणातला, कारण त्या दिवशीच्या हुंदक्यावरून विमान गेलं होतं. तो माणसांचे खोकले कापतो, ओठांची चपचप कापतो, दोन वाक्यांमधली खुर्चीची कुरकुर कापतो. कापलं की भोक पडतं, म्हणून त्या भोकात त्या खोलीची शांतता भरतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, ती सुद्धा आधी भरून आणावी लागते.

मी म्हटलं, म्हणजे सगळं खोटंच की. तो म्हणाला, "आई, खोटं नाही. लोकांना खरं वाटावं म्हणून नीट केलेलं." मी म्हटलं, पोरा, शेजारच्या गावातली बोहारीणसुद्धा हेच म्हणते. पण मनातून मला अभिमान वाटला होता, आणि परत येताना विमानात शेजारच्या अनोळखी माणसाला मी ते पिठाचं सांगितलं.

गेल्या शरद ऋतूत सोलची छे नावाची बाई आमच्या गावावर सिनेमा काढायला आली. गोष्ट एका बुडी मारणाऱ्या बाईची. तरुणपणाच्या भागासाठी नटी होती, म्हातारपणासाठी तिला खरी बाई हवी होती. आम्हा सगळ्यांना तिने ओळीत बसवून पाहिलं आणि ग्येसूनला निवडलं. चेहऱ्यावर समुद्र आहे म्हणाली. मी म्हटलं, सुरकुत्या आहेत, समुद्र आमच्या सगळ्यांच्याच वाटणीला आलाय. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. गटाची म्होरकी मी, सर्वांत खोल जाणारी मी, आणि पडद्यावर ती. तो काटा मला महिनाभर टोचला, हे मी लपवत नाही.

आवाजाचं काम तेगिलला मिळालं. इथलाच माणूस म्हणून छे बाईनेच मागून घेतला होता. तो आला तो लांब काठी घेऊन, काठीच्या टोकाला केसाळ माईक. बायकांनी त्याला सोडलं नाही. एक म्हणाली, तेगिल, ते मेलेलं मांजर माझ्या तोंडाजवळ आणू नको, मला शिंका येतात. दुसरी म्हणाली, तेवढ्या लांब काठीने मासा धरला असतास तर बायको पळून गेली नसती. तो हसायचा आणि कामाला लागायचा. दगडी भिंतीच्या फटींतून वाहणारा वारा त्याने भरून घेतला. शेकोटीतली तडतड, रबरी कपडे चढवतानाची चरचर, सगळं. मग होडीत बसून त्याने एकेकीला वेगळं बुडी मारायला लावलं आणि एकेकीची शीळ घेतली.

माझी एका खेपेत झाली. अंगठा वर केला त्याने, आणि मी ऐटीत होडीला हात लावून थांबले. मग ग्येसून. ती वर आली, शीळ सोडली, तेगिलने मान तिरकी केली. कानांवरची झापडं दाबली. म्हणाला, मावशी, पुन्हा एकदा. ती पुन्हा गेली. त्याने माईक बदलला. पुन्हा. तिसऱ्या खेपेला तिने भोपळ्यावर हनुवटी टेकली आणि म्हणाली, "काय रे, रताळी खाऊन वाढलास आणि आता म्हातारीला बुडवतोस का?" त्याने काठी खाली घेतली. तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, ठीक आहे मावशी, झालं. मी मनात म्हटलं, तिची शीळ बिघडली वाटतं, आणि मला बरं वाटलं. एवढंच. तिची शीळ बिघडली म्हणजे काय, ह्याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

हिवाळ्यात, फार कडाक्याची थंडी नसतानाही, ग्येसून पाण्यातून वर आली ती भोपळ्याला कवटाळूनच राहिली. दम आत घेता येईना. ओढून होडीत घातली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, दगडासारखी. बरं होणारा रोग नाही, पण तीन-चार महिने आधी आणली असतीत तर औषधांनी त्याला लगाम घालता आला असता. कोरडा खोकला कधीपासून होता, म्हणून त्याने विचारलं. तिची मुलगी मिरान माझ्याकडे बघत राहिली. आम्ही कुणीच सांगू शकलो नाही. म्हातारी खोकते, त्यात काय मोजायचं? आणि माझा उजवा कान, तिच्या बाजूचा, दहा वर्षांपूर्वीच पाण्याने खाल्ला.

तेव्हापासून ती घरात. नाकात नळी, कोपऱ्यात घरघरणारं हवेचं यंत्र. मी रोज संध्याकाळी शिंपल्यांची पेज घेऊन भिंतीवरून हाक मारायची आणि फाटकातून जायची. ती आधी पेजेला नावं ठेवायची, मग खायची. आणि एकच विचारायची, सिनेमा कधी लागणार? "तेगिलची आई, माझी शीळ आता त्या डब्यातच उरलीय. नातवंडांना ऐकवीन. म्हणजे तुझी ती किटकिट म्हणजे शीळ नव्हे हे त्यांना कळेल." मी म्हणायची, पहिल्या रांगेत बसवते तुला, ऐक एकदाची आणि गप्प हो.

परवाच्या शनिवारी सहकारी संस्थेच्या गोदामात सिनेमा दाखवला. दुपारीच, दारं-खिडक्यांना काळं कापड लावून. थिएटरात लागायला अजून महिना आहे, पण छे बाई म्हणाली, आधी गावाने बघायचा. आम्ही लाडवांसारखे बाजरीचे गोळे केले, डुक्कर शिजवलं. ग्येसूनला चाकाच्या खुर्चीत घालून आणलं, मांडीवर हवेचं छोटं नळकांडं. नवा रेशमी पोशाख घातला होता तिने. शेजारी मी. तिचा हात माझ्या हातात होता, हाडं-हाडं झालेला, घामेजलेला. तेगिल सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून उभा.

सिनेमा कसा होता हे मला सांगता यायचं नाही. मी एकाच जागेची वाट बघत होते आणि ग्येसूनही. ती जागा शेवटाकडे आली. पडदाभर राखाडी पाणी, काही नाही, नुसतं पाणी. मग ते फुटलं आणि ग्येसूनचं तोंड वर आलं, चार माणसांएवढं मोठं, पापण्यांवरून पाणी गळतंय, ओठ गोल झाले.

आणि त्या ओठांतून माझी शीळ निघाली.

चारही बाजूंच्या खोक्यांतून, इतकी मोठी की माझ्या मेलेल्या कानालासुद्धा लागली. बारीक, सरळ, वर जाणारी. गोदामात बसलेल्या प्रत्येक बाईने ओळखली. मान वळल्याचा आवाज होत नाही, पण मला तो ऐकू आला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी पहिली गोष्ट मला वाटली ती ही, की अगंबाई, किती सुंदर आहे माझी शीळ. काटा उभा राहिला अंगावर. डोळ्याचं पातं लवेपर्यंत मी सुखी होते. मग ग्येसूनने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. झटकला नाही. शिंपलीखालून सुरी काढावी तसा अलगद काढला.

दिवे लागले तेव्हा ती माझ्याकडे न बघता, दम खात खात म्हणाली, "तेगिलची आई, तुझी शीळ माझ्या तोंडाला शोभली बरं का." आणि मिरानला म्हणाली, चल घरी. मी मागे वळून बघितलं तर भिंतीपाशी तेगिल नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज घेऊन गेले. आमच्या दोघींच्या घरांना अजून जुनं फाटक आहे, म्हणजे दगडी खांबांत अडकवायच्या तीन आडव्या काठ्या. एकही काठी नसेल तर घरात आहे, या. एक असेल तर इथेच जवळ गेलेय. तिन्ही असतील तर घरचं कुणी गावात नाही. ग्येसूनच्या फाटकाला तिन्ही काठ्या होत्या. आत यंत्राची घरघर होती, चुलीचा वास होता, मिरानच्या चपला पायरीवर होत्या, आणि तिन्ही काठ्या आडव्या. साठ वर्षांत ती काठी माझ्यासाठी कधी लागली नव्हती. मी पेज भिंतीवर ठेवून आले. दुपारी बघितलं तर मांजर खात होतं.

गावाचं काय सांगू. आम्ही कपडे बदलतो त्या शेकोटीच्या खोलीत मी शिरले की बायका रबरी कपड्यांच्या चेनी ओढायला लागायच्या. कुणी तोंडावर बोललं नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. शेवटी मिरानच दुकानात भेटली. भल्या घरची पोर, आवाज चढवला नाही. म्हणाली, "मावशी, चेहरा आईचा घेतला म्हणून तुम्हाला राग होता, ते आम्हाला माहीत होतं. पण तिचा दम कशाला घेतलात? तेवढाच उरला होता." मी तिला सांगायला हवं होतं की मी मुलाला एका शब्दाने बोलले नव्हते. जिभेवर आलं होतं. पण ती डोळ्याच्या पात्याएवढी खुशी आठवली आणि जीभ टाळ्याला चिकटली.

घरी आले ती तडक तेगिलसमोर बसले. मुळा घालून बांगड्याचं कालवण केलं होतं, त्याच्या आवडीचं, तो काटे काढत बसला होता. मी म्हटलं, आज तू मला सांगितल्याशिवाय उठायचं नाहीस. असं का केलंस?

त्याने धंद्याचं सांगायला सुरुवात केली. ग्येसून मावशीच्या सगळ्या खेपांत दोष होता. शीळ चांगली होती, पण शीळ संपून दम आत ओढताना मागे खरखर यायची. छे बाई म्हणाल्या, नको, बघणाऱ्याला वाटेल म्हातारी आजारी आहे. त्याने कापून बघितलं तर श्वासाला भोक पडायचं. खरखर पुसून बघितली तर शीळही पुसट व्हायची. कितीतरी दिवस त्यातच गेले. मग माझी लावून बघितली तर ओठांवर बरोब्बर बसली. "आणि आई, तुझी खरंच सुंदर आहे," तो म्हणाला. हे वाक्य त्याने मला ह्या वेळी द्यायला नको होतं.

मी विचारलं, खरखर कसली? होडीच्या यंत्राची?

"नाही. चिकटपट्टीच्या चपलेचा पट्टा असतो ना, तो हळू सोलावा तशी." काटे बशीच्या कडेला ओळीत लावले होते त्याने, ती ओळ बोटाने मोडली.

मला शाळा फार नाही, पण एवढं समजायला ती लागत नाही. मी त्याला होडीतल्या त्या खेपेची आठवण करून दिली. माईक का बदललास, म्हटलं.

"आधी वाटलं माईकच्या तारेत दोष आहे. बदलला तरी तेच. मग कळलं की ते मावशीच्या छातीतून येतंय."

"त्याच दिवशी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि?"

मग त्याने सगळं सांगितलं, वाडग्यात बघत. चार दिवसांचं चित्रीकरण बाकी होतं. तेव्हा बोलला असता तर ग्येसूनला पाण्यात जाऊ दिलं नसतं, सिनेमा अडला असता, आणि छे बाईने त्याला पहिल्यांदाच एवढं मोठं काम दिलं होतं. संपल्यावर सांगू म्हणाला. संपल्यावर सोलला गेला, आणि तिथे त्या गाद्यांच्या खोलीत ती खरखर पडद्यावरची एक रेघ झाली. रोज ती रेघ समोर. रोज तिला घालवायचं कसं एवढाच प्रश्न. "तो आवाज एका माणसाचा आहे हे मी विसरलो नव्हतो, आई. मला नको होता तो, एवढंच. हिवाळ्यात तू फोनवर सांगितलंस की मावशीला इस्पितळात नेलं, तेव्हा मी ती खेप पुन्हा लावून ऐकली. मग यंत्र बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी तुझी शीळ लावली. तिची पुन्हा ऐकायची माझी हिंमत नव्हती."

कालवण गार झालं. त्याने ते खाल्लं नाही आणि मी वाढलंही नाही.

भांडी घासताना माझ्या मनात काय आलं तेही सांगते, नाहीतर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला. मला वाटलं, हे कुणाला ठाऊक आहे? कुणालाच नाही. गाव म्हणतंय म्हातारीने मुलाला पढवून आपली शीळ घुसडली. म्हणू दे. माझ्या बदनामीवर भागतंय तर भागू दे. मी आणखी किती वर्षं जगणार? ग्येसून तर त्याहून कमी. मग हे तिच्याबरोबर जाईल आणि माझ्याबरोबर जाईल, आणि माझा मुलगा सोलला आपल्या खोलीत सुखाने राहील. आईला ह्याहून वेगळं काय सुचणार? हात पुसले तेव्हा मी जवळजवळ ठरवलंच होतं.

मग मी त्याला म्हटलं, ती खेप आहे तुझ्याजवळ? मला ऐकव.

त्याला ते नको होतं, तोंडावरच दिसत होतं. पण आणला त्याने लॅपटॉप आणि ती झापडं माझ्या कानांवर बसवली. आवाज वाढव म्हटलं, आणखी वाढव. आधी नुसतं पाणी, होडीच्या फळीवर चापटी मारणारं. मग ग्येसून वर आली. खाली, मग एकदम वर, किटली पुन्हा चुलीवर चढली. कितीतरी वर्षांनी मी ती उजव्या कानाने ऐकली. आणि ती संपता संपता, दम आत जाताना, ती खरखर. लहान होती. हळू हळू सोललेली चिकटपट्टी. पुन्हा लाव म्हटलं. तिन्ही खेपा ऐकल्या. तिसरीच्या शेवटी तिचा आवाज, काय रे, रताळी खाऊन वाढलास.

तो शरद ऋतू आठवला. त्या दिवसांत ती उजवीकडे होती, पाच हातांवर, आणि रोज शंभरदा ही खरखर तिच्या तोंडातून निघून माझ्या दिशेने येत होती. माझा कान मेलेला होता. त्याचा जिवंत होता. देवाने एकाच घरात एकाला कान दिले नाहीत आणि दुसऱ्याला दिले, आणि ज्याला दिले त्याने ते झापडांखाली झाकून ठेवले.

मी झापडं काढली आणि विचारलं, थिएटरात लागायच्या आधी बदलता येईल? म्हणाला, येईल, पण छे बाईला कारण सांगावं लागेल. सगळं कारण. मी म्हटलं, तिला नंतर सांग. आधी दुसरीकडे सांगायचंय. कोट घाल, आणि तो लॅपटॉप, ती झापडं बरोबर घे.

तो उठला. संत्र्यांच्या बागेच्या दाराकडे वळला, सवयीने. मी म्हटलं, तिकडून नाही, पुढच्या दारातून.

ऊन होतं, वारा होता, समोरच्या शेतात गाजरं काढायला माणसं वाकलेली होती. त्यांनी माना वर केल्या. करू देत. ग्येसूनच्या फाटकाला तिन्ही काठ्या होत्या. मी त्यांना हात लावला नाही. तो हक्क घरच्यांचा. भिंतीपाशी उभी राहिले आणि पाण्यात मारते तशी हाक मारली. मिरान पायरीवर आली, माझ्यामागे तेगिलला बघून तिचा चेहरा बंद झाला. म्हणाली, आई झोपलीय.

आतून आवाज आला, तुटक, मध्ये मध्ये दम खात. "झोपले नाही. मेलेही नाही. तेगिलची आई असेल तर म्हणावं, मांजराला तुझी पेज आवडली." मग खोकला. तो बराच वेळ चालला आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघावं तसे दाराकडे बघत राहिलो. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "आणखी कोण आहे? दोन माणसांची पावलं होती."

मी म्हटलं, तेगिल आहे. त्याचं तुला काहीतरी सांगायचं राहिलंय. माझंही राहिलंय, पण त्याचं आधी.

मग ग्येसूनने आतून मिरानला काहीतरी सांगितलं, आणि ती खाली आली. तिने एक काठी काढली, मग दुसरी. तिसरीवर हात ठेवून थांबली आणि माझ्या मुलाकडे बघितलं. तो लॅपटॉप आणि झापडं छातीशी धरून उभा होता. तिसरी काठी तिने काढून भिंतीला टेकवली आणि बाजूला झाली.

तेगिल जागचा हलला नाही. माझ्याकडे बघत होता, लहानपणी पाण्यात पहिल्यांदा ढकललं होतं तेव्हा बघत होता तसा. म्हणाला, आई, तू पण चल ना. मी त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि आतलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "नाही. गाव म्हणतं तू चोर आहेस आणि मी चोराची आई. ते खोटं आहे. तू शेजारणीचा दम बिघडलेला ऐकलास आणि आणखी एक बुडी मारलीस, आणि असल्या माणसाच्या बाजूला मी भोपळा लावत नाही, पोटचा असला तरी. एकटा आत जा. आधी सांग, मग तिची शीळ तिला ऐकव, खरखरीसकट. आणि ती शिव्या देईल त्या सगळ्या ऐकून घे, त्यातला एकही शब्द कापू नकोस."